उपाशीपोटीची साखर

औरादच्या एका लॅबमध्ये रक्त तपासणारी शैलश्री मठाच्या आरोग्यसेवेसाठी आयुष्यात पहिल्यांदा परदेशी गेली. परदेश म्हणजे नेपाळची तराई. तिथे ऊन औरादइतकेच होते, त्यामुळे फार परके वाटले नाही. पथकात बिदरचे डॉक्टर अमरनाथ होते आणि प्रमुख म्हणून गुरुपादय्या. येईल त्याला जेवू घालायचे, हा मठाचा दासोह. त्याची चूल गुरुपादय्यांनी अर्धे आयुष्य सांभाळलेली. औषधांच्या खोक्यांपेक्षा त्यांची गव्हाची आणि गुळाची ओझी जास्त होती.

पहिल्याच दिवशी मांडव भरला. शैलश्रीने प्रत्येकाला आपल्या दखनी हिंदीत विचारले, "घर से कुछ खाके आए क्या?" प्रत्येकाने मान हलवून नाही म्हटले. तिने बोटाला सुई टोचली, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि उपाशीपोटीची साखर म्हणून नोंदवला.

संध्याकाळी डॉक्टरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"शैलश्री, ह्या गावात शुगर नसलेला माणूसच दिसत न्हाई. उद्यापासून सगळ्यांना गोळ्या सुरू करू."

ती हात धुवायला चुलीकडे गेली. गुरुपादय्या एक भलेमोठे पातेले खरवडत होते.

"हे काय, अप्पा?"

"हुग्गी. गहू, गूळ, वर तूप. एकालाबी तसा जाऊ दिला न्हाई. सगळे पोटभर खाऊनच तुझ्याकडं आले बघ, अक्का."

शैलश्री पातेल्याकडे बघत राहिली. घरून कोणी काही खाऊन आले नव्हते, हे अगदी खरे होते.

तिने डॉक्टरांना सांगितले, तेव्हा त्यांनी चष्मा पुन्हा काढला.

"म्हणजे आपणच गोड खाऊ घातलं आणि आपणच रोगी ठरवलं."

"ह्या गोळ्या धडधाकट माणसानं घेतल्या तर शेतात चक्कर येऊन पडंल, सर. जिवावर बेतंल."

"व्हय. उद्या पुन्हा तपासायचं, खरोखर उपाशी. तेवढं अप्पांना सांग."

"तुम्ही सांगा की. तुम्ही डॉक्टर हाव."

"मी दोनदा वाढून घेतलंय. मला तोंड न्हाई."

गुरुपादय्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि शांतपणेच नाही म्हटले.

"मठाच्या मांडवात माणूस उपाशी बसवायचा? तू करायलीस तरी काय, पोरी?"

"तासाभराचा तर प्रश्न हाय, अप्पा."

"भुकेल्याला तास लई मोठा असतो."

"आन् नको ती गोळी खाऊन कुणी मेलं तर? त्याला कोण वाढणार?"

गुरुपादय्यांनी उलथने खाली ठेवले. मांडवात आलेल्याला आपण वाढणारच, असे ते अखेरीस म्हणाले. मांडवाबाहेर कोण काय करते ते बघायला आपल्याला सवड नाही. डॉक्टरांच्या मते गुरुपादय्यांकडून मिळालेली ही सर्वांत मोठी सवलत होती.

पहाटे शैलश्रीने आपले टेबल मांडवाबाहेर, कालव्याच्या पुलावर नेले. आता तिने 'घर से' हे शब्द गाळले आणि चहाबद्दलही विचारले. रांग लागली. थोड्याच वेळात गुरुपादय्या बादली घेऊन पुलापर्यंत आले. त्यांनी रांगेकडे पाहिले, शैलश्रीकडे पाहिले, बादलीवरचे झाकण दाबून बसवले आणि त्या झाकणावरच हात ठेवून खाली बसले. टोचून झालेल्याला ते स्वतः मांडवात नेत, वाढत, आणि पुन्हा येऊन बसत.

आकडे निमूट जागेवर आले. काल रोगी ठरलेला गाव आज जवळजवळ निरोगी होता. डॉक्टरांनी गोळ्यांचे खोके बंद केले आणि सुटकेचा श्वास शक्य तितक्या हळू सोडला.

मग हिरव्या साडीतली एक वयस्क बाई आली. उपाशी होती, नुसते पाणी पिऊन आली होती. यंत्राने कालच्याहून फारसा कमी आकडा दाखवला नाही. शैलश्रीने दुसऱ्या बोटातून रक्त घेतले. आकडा तोच राहिला. तहान फार लागते का, असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा बाईने हातातला पाण्याचा तांब्याच दाखवला. तिच्यासाठी खोके पुन्हा उघडले.

बाई उठली आणि सवयीने मांडवाकडे निघाली. शैलश्रीने तिचा हात धरला.

"अप्पा, हिला हुग्गी न्हाई."

गुरुपादय्या उभे राहिले. "सगळ्या गावाला हाय, आन् हिलाच न्हाई?"

"हिलाच न्हाई."

"मग काय चालतंय?"

"पालेभाजी. एखादी पोळी. गोड सोडून साधं जेवण."

त्यांच्या ओझ्यांत गूळ पुष्कळ होता, पालेभाजीचे पान नव्हते. गुरुपादय्यांनी बादली शैलश्रीच्या हातात दिली, बाईला खुणेने पुढे व्हायला सांगितले आणि तिच्या मागोमाग गावात गेले. दुपारपर्यंत हुग्गी शैलश्रीलाच वाढावी लागली.

ते परतले तेव्हा बाह्या वर केलेल्या होत्या आणि हातांना धुराचा वास येत होता.

"जेवली का बाई?"

"जेवली. साग म्हणतात हितं पालेभाजीला, तो केला तिच्या चुलीवर. मलाबी वाढलं तिनं."

"कसा झाला हुता?"

गुरुपादय्यांनी खरोखरच विचार केला.

"मीठ कमी पडलं," ते म्हणाले. "उद्या सकाळी जाऊन नीट करतो."