एकच पाना

"मानवजातीत आजवर कोणी गेलं नाही, तिथे आज मी जाणार आहे," असं जाहीर करून भावोजी पोलादी गोळ्यात शिरले आणि दारातच कमरेशी अडकले. मेहुण्याने खांदा लावून त्यांना आत लोटलं, दार लावलं आणि त्याचे दहा नट आवळले.

मेहुणा फिटर. गोळ्यात झाडून सगळीकडे, दारापासून आतल्या स्टुलापर्यंत, त्याने एकाच मापाचे नट बसवले होते, म्हणजे एकाच पान्यात काम. या युक्तीचं कौतुक ऐकून बोटीवरच्या स्वयंपाक्याचेही कान किटले होते.

गोळा समुद्रात चारशे मीटर उतरला तेव्हा वर बोटीवर घाम पुसायला मेहुण्याने रुमालासाठी खिशात हात घातला. हाताला नट लागला.

दाराचे दहा आवळले की नऊ? मोजले तर होते. पण सहाव्या-सातव्याला ताईने मध्येच विचारलं होतं, यांनी स्वेटर घेतला का.

ताई टेलिफोनवर होती. दर मिनिटाला खालून एक तरी शब्द यायचा, नाही आला तर गोळा वर ओढायचा, असा नेम. भावोजींना शब्दांची ददात कधीच नव्हती. ते बोलत होते, ताई वहीत उतरवत होती.

सांगावं तर चार वर्षांची मेहनत वाया. न सांगावं तर भावोजी.

"ताई, आत पाणी येतंय का, विचार ना सहज."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी घरात काही फुटलं की ती अशीच बघायची. त्याने मूठ उघडली. तिने फोनमध्ये विचारलं.

भिंती ओल्या आहेत, टपटप होतंय, श्वासाचंच असेल, असं खालून उत्तर आलं. श्वासाचं की समुद्राचं, कोण सांगणार?

"चाटून बघा," ताई म्हणाली. "खारट आहे का?"

मग फोन गप्प झाला. भावोजी गप्प, हे ताईच्या संसारात पहिल्यांदाच घडत होतं. मिनिट सरत आलं. गोळा वर ओढणाऱ्या यारीवाल्याने दांड्यावर हात ठेवला. मेहुणा मनातल्या मनात पुन्हा नट मोजू लागला. दर वेळी सातव्याला ताईचा स्वेटर आडवा येई.

फोन खरखरला. ताईने ऐकलं, सवयीने वहीत लिहिलं.

"खारट नाही."

मेहुणा होता तिथेच, दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला. ताई अजून ऐकतच होती.

"आणखी काय म्हणतायत?"

"पाचशे वीस मीटर. इतकं खोल कोणी गेलेलं नाही. बाहेर अंधारात मासे दिव्यासारखे पेटतायत." तिने पान उलटलं. "आणि वर आल्यावर तेवढा स्टुलाचा पाय बघ म्हणतायत. सुटलाय. मघापासून उकिडवेच बसलेत."