मागावरचं नाव

वडगावात साडीची नक्षी म्हटली की बसवंतचं नाव निघायचं. पुठ्ठ्यांना भोकं पाडून, ते ओळीनं ओवून मागावरच्या जकार्ड यंत्रावर चढवले की पदरावर कोयऱ्या उतरायच्या. तीस वर्षं गल्लीत हे नीट जमलं ते त्याला एकट्याला. मग गल्लीत इंटरनेटची तार आली, घरात संगणकावर चालणारं जकार्ड आलं, आणि धाकट्या भावाची पोरगी रचना सहा महिन्यांचं शिक्षण घेऊन त्यापुढं बसली. बसवंतला पंधरा दिवस लागायचे ते काम ती दुपारच्या चहाआधी उरकायची. व्यापारी आले की थेट विचारायचे, रचना कुठाय? बसवंतचं पोट दुखायचं. कडेवर खेळवलेली, आप्पा म्हणून हाक मारणारी पुतणी, तिचा हेवा करायची लाजही वाटायची, तरी दुखायचंच.

निपाणीच्या एका नवरीनं फोनवरच नक्षी पसंत करून साडी सांगितली. पदरावर तिचं नाव हवं होतं, भाग्यलक्ष्मी. रचनाची स्वतःची ही पहिलीच ऑर्डर. मागावर नाव उमटलं तसं सगळं घर गोळा झालं. ठसठशीत, सरळ वाचता येत होतं.

बसवंतही वाकला आणि एका नजरेत समजला. त्यांच्या मागावर साडी पालथी विणतात, सुलटं अंग खाली. वरून नाव सरळ दिसतंय, म्हणजे पदर अंगावर घेतल्यावर ते आरशातल्यासारखं उलटं दिसणार. संगणकावर नक्षी शेवटी पालटायची असते, ते पोरगी विसरली होती.

एक शब्द पुरे होता. रचना त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"बरं हाय," म्हणून तो बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला. होऊ दे एकदा फजिती, मग येईल आपल्याला विचारायला.

साडी उतरली, पदर उलगडला आणि रचनाला नाव उलटं दिसलं. लग्न चार दिवसांवर होतं. तिनंच निपाणीला फोन करून चूक सांगितली आणि ऑर्डर गेली. तिचा बाप यल्लाप्पा तापला, आधी तपासायला काय झालतं म्हणून.

"तपासणारच हुते," ती म्हणाली. "पण आप्पांनी बघून बरं हाय म्हटलं. मग कशाला तपासू?"

यल्लाप्पाचा राग उतरला. त्यानं थोरल्या भावाकडं कीव आल्यासारखं बघितलं.

"अण्णाची नजर गेली आता. इथनं फुडं त्याला दावत बसू नको."

नजर तर शाबूत होती. पण तसं सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. रचना अजून त्याच्याकडंच बघत होती.

"व्हय," बसवंत म्हणाला. "दिसत न्हाय आताशा."