तिसऱ्या सिलिंडरचं पाणी

वरुणा गावच्या तुंगाक्कांचा जुना ट्रॅक्टर रोज तीन लिटर कूलंट पीत होता आणि खाली थेंबही सांडत नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान नरसिंहमूर्ती याच ट्रॅक्टरसकट कालव्यात बुडून गेले होते. उद्यापासून लेक सुप्रीता तो चालवणार, म्हणून त्यांनी शहरातल्या लष्कर मोहल्ल्यातल्या त्र्यंबक मिस्त्रींना भर दुपारी बोलावून घेतलं.

रेडिएटर, होस, पंप, सगळं बाहेरून कोरडं.

"म्हणजे पाणी आतच जातंय, अक्का. इंजिनच्या झाकणाखालचं हेड गॅस्केट गेलं असणार." त्र्यंबकनी इंजेक्टर काढले. "सुप्रीता, मार गं स्टार्टर!"

तिसऱ्या सिलिंडरच्या भोकातून पिचकारी उडाली. भरलं होतं हिरवं कूलंट. बाहेर आलं गढूळ पाणी, आणि त्यात शेवाळ.

"पांडुरंगा! कालव्यातून काढल्यावर मीच दोनदा उघडून धुतलंय की हे!" त्र्यंबक पुटपुटले. "बस झालं गं, सोड बटण."

"केव्हाच सोडलंय, काका." सुप्रीतानं दोन्ही हात वर करून दाखवले.

इंजिन फिरतच होतं, कीर्तनातल्या टाळासारखं संथ आणि लयीत. त्र्यंबकनी बॅटरीची वायर उपसली. तरी ते फिरत राहिलं.

तुंगाक्का पुढे आल्या. पदर सावरून त्यांनी रेडिएटरवर तळवा ठेवला.

"अहो, कळते हो तुमची काळजी," त्या हळू म्हणाल्या. "पण भात लावायचाय ना? कालव्याच्या वाटेनं नाही पाठवणार मी तिला, वरच्या रस्त्यानं जाईल. आता सोडा."

इंजिनानं आणखी एक फेरा घेतला आणि ते थांबलं.

त्र्यंबकनी हेड उघडायला पाना उचलला, आणि आधी तो कपाळाला लावला.