सुलेखाचा अडकलेला जीव

शामकांत परबांची उमेदीची वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली आणि म्हातारपण सिंगापुरातल्या तोआ पायोह वस्तीतल्या एका खोलीत येऊन थांबलं. तिथलं नागरिकत्व त्यांनी तरुणपणी हौसेनं घेतलं होतं. लग्न राहून गेलं, साठवलेलं होतं ते हृदयाच्या दुखण्यानं खाल्लं. आता जेवण, औषधं आणि ती खोली सरकारी मदतीवर चालायची. मदत घेणाऱ्यानं राहायचं देशातच. बाहेर जायचं तर आधी सांगा, थोडक्यात परत या, रेंगाळलात तर मदत बंद. नियमात वाईट काही नव्हतं. तो करणाऱ्याची बहीण वेंगुर्ल्यात मरणाला टेकलेली नव्हती, इतकंच.

भाचा निशिकांत फोनवर सांगत होता, आई दोन घोट पाण्यावर आहे, डॉक्टरांनी हात टेकले, पण प्राण काही जात नाही. "मामा, तिचा जीव तुमच्यात अडकलाय. एकदा तोंड दाखवा, सुटेल बिचारी."

आपल्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जीव ज्याच्यासाठी थांबतो, तो माणूस दिसला की सुटतो. शामकांतनी जन्मभर इंजिनं उघडून कारणं शोधली, पण या बाबतीत त्यांनाही शंका आली नाही. ते मदत देणाऱ्या सरकारी ऑफिसात गेले. टेबलापलीकडची मुलगी खरंच चांगली होती. "अंकल, शॉर्ट ट्रिप, कॅन. लाँग, कॅनॉट," म्हणाली, आणि परतीची तारीख तिनं दोनदा समजावली. मरीन परेडला राहणाऱ्या हेमचंद्रांनी मराठी मंडळातल्या ओळखीखातर तिकीट काढून दिलं. असं कुणी पुन्हा देणार नव्हतं, पण लागणारही नव्हतं. भेटायचं, तोंडात पाणी घालायचं, पोचवायचं आणि परतायचं. सख्ख्या बहिणीच्या मरणाचं असं वेळापत्रक मांडताना त्यांची त्यांनाच लाज वाटली.

सुलेखानं दादाला बघितलं आणि ती उठून बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं पेज मागितली, मग पेजेबरोबर भाजलेली सुकट. बघायला आळी लोटली. निशिकांत हसता हसता रडत होता. शामकांतही हसले आणि मनातल्या मनात परतीची तारीख मोजत राहिले. आपण इतके नीच असू, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. इथंच राहून जावं, असंही एकदा मनात आलं. पण निशिकांतच्या ओढाताणीच्या संसारात आणखी एक आजारी म्हातारा कुठं ठेवायचा? तो काही "राहा" म्हणाला नाही, आणि शामकांतना त्याचा रागही आला नाही. निघताना सुलेखा म्हणाली, आता चतुर्थीला ये. त्यांनी मान हलवली.

तोआ पायोहला परतले तेव्हा खोलीतला जोडीदार, म्हातारा मिस्टर को, हॉकर सेंटरमधून त्यांच्यासाठी गरम भात आणि मासे घेऊन बसला होता. ऑफिसातल्या मुलीनं वेळेवर आल्याबद्दल आभार मानले. मदत चालू राहिली.

महिना उलटायच्या आत निशिकांतचा फोन आला. आईनं पेज सोडली होती. दाराकडे डोळे लावून पडून असते, रिक्षाचा आवाज झाला की मान उचलते. मग म्हणाला, "मामा, परत जीव अडकलाय." या, असं त्यानं म्हटलं नाही.

शामकांत तरीही ऑफिसात जाऊन आले. मुलगी या वेळी त्यांच्याकडे न बघता बोलली. इतक्या लगेच पुन्हा, कॅनॉट, वरचे लोक मदतच बंद करतील. आणि तिकीट कोण काढणार होतं?

घरी येऊन त्यांनी निशिकांतला फोन आईच्या कानाशी धरायला सांगितलं. तिकडून तिचा श्वास ऐकू आला.

"सुले, मी येणार नाही," ते म्हणाले. "माझी वाट बघू नकोस. तू पुढे हो."

त्यांना वाटलं, तिला ऐकूच गेलं नाही.

"येशील रे दादा," ती म्हणाली. "मी थांबते."