बाबालालची तीनचाकी

दोन हजार पाचच्या पुरात नदी माझ्या घरात शिरली ती चपला दाराबाहेर काढून. आधी ओसरीवर टेकली, मग स्वयंपाकघरात जाऊन भाकरीची टोपली उघडून बघितली, नि टोपलीच उचलून घेऊन गेली. ज्याला पटत नसेल त्यानं टोपली आणून दाखवावी.

होडी आली तेव्हा दर्ग्याच्या कट्ट्यावर मी, झुंबरबाई, तिची म्हैस आणि बाबालाल एवढेच उरलो होतो. बाबालाल आपल्या हातानं फिरवायच्या तीनचाकीत बसलेला. लहानपणी पोलिओनं त्याचे पाय गेले, पण त्या गाडीवर तो गावभर स्टोव्ह दुरुस्त करत फिरायचा नि बाजाराला माझ्याआधी पोचायचा.

होडीत मदत समितीचा बाळासो उभा होता.

"माणसं आन जनावरं तेवढी! सामान न्हाय!"

"ही सामान न्हवं, बाळासो. पाय हायत माझं."

"पाय कुठं पळून चालल्यात? बांध खांबाला नि बस गुमान."

गाडी खांबाला राहिली. म्हैस होडीमागं पोहत निघाली. निम्म्या वाटेत तिनं मागं वळून गाडीकडं बघितलं, मग बाळासोकडं बघितलं, नि जोरात फुरफुरली. जनावराला कळलं ते समितीला कळलं नाही.

छावणी माळावरच्या शाळेत होती. खालच्या खोल्यांत धान्याची पोती, वरच्या मजल्यावर माणसं, नि संडास मैदानाच्या पलीकडं. मदतीला तालमीची पोरं, आणि त्यांचा म्होरक्या गुंडू पैलवान. हा गडी म्हणजे, एकदा उसाचा ट्रक पंक्चर झाला तर जॅक सापडेपर्यंत ट्रक पाठीवर घेऊन उभा राहिला, नि वर ड्रायव्हरला तंबाखू मळून दिली. उचलण्यापलीकडं त्याला दुसरं सुचायचंच नाही.

बाबालालनं खाली जायचं नाव काढलं की गुंडू ओरडायचा, "उचला रं!" चौघं धावायची. जिन्यात बायका बाजूला सरायच्या, म्हातारे हात जोडायचे, नि बाबालाल कुठं चाललाय ते अख्ख्या छावणीला कळायचं. शिवाय संडासाच्या दारात चौघं उभी राहून विचारायची, "झालं का, चाचा?"

पुढं मला दिसलं, बाबालाल मिळालेला चहा गुपचूप खिडकीबाहेर ओततोय. पाण्याचा पेलाही तसाच.

"आरं, ओठ फुटल्यात तुझं. पी की!"

"प्यालो की जावं लागतंय, आबा," तो म्हणाला.

मी तडक बाळासोकडं गेलो. त्याचं उत्तर ऐका. "पोरं एवढी उचलत्यात, आणिक काय पायजे? पालखी आणू?"

आता आमच्याकडं पाव्हणे आले की कुणाचा तरी सत्कार झालाच पाहिजे, मग गाव पाण्याखाली का असेना. शहरातनं मदतीचा टेम्पो आला. पोरांनी फळ्या टाकून लगेच स्टेज बांधलं. सत्काराला माणूस कोण? बाबालाल! उचलून वर नेला, फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. बाळासो माईकवर म्हणाला, "आता आमचे अपंग बांधव दोन शब्द बोलतील."

बाबालालचा घसा सुकलेला, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"गुंडू, फुडं ये. उद्यापास्नं तुला चौघांनी उचलून संडासला न्यायचं. वाटंत झुंबरबाईनं हात जोडायचं. भाईर बाळासोनं हुबं ऱ्हाऊन 'झालं का' म्हणून इचारायचं. चालंल?"

माणसं हसून लोळायला लागली. गुंडूचे कान लालबुंद.

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय, चाचा?"

"होडीत चढल्यापास्नं सांगतोय की रं! ही शाल घ्या, माझी गाडी आणा. नि खाली एक खोली द्या."

"आन खालची पोती वर कोण चढवणार?" बाळासो माईक बंद न करताच खेकसला.

मला राहवेना. "उचलायची एवढी हौस हाय न्हवं? उचला की पोती!"

पाव्हण्यांसमोर बाळासोला नाही म्हणता येईना. पोरांनी पोती वर नेली. गुंडू होडीनं जाऊन गाडी घेऊन आला. खालच्या खोलीला दोन पायऱ्या होत्या, तर त्यानं स्टेज मोडून त्याच्या फळ्या पायऱ्यांवर टाकल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्याला उचलण्याशिवाय काहीतरी सुचलं!

बाबालालनं पोट भरून पाणी पिलं, वर चहा घेतला, नि गाडी मैदानात काढली. मधेच चाक चिखलात रुतलं. चौघं धावली.

"हात लावाल तर बघा!"

मागं घेतली, वळवली, काढली. पण संडासाचं दार गाडीपेक्षा अरुंद. बाळासोला कोण आनंद! "आता? आता तर उचलायलाच लागतंय!"

बाबालालनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. गाडी दाराला लावली, हातांवर खाली उतरला, घरी सरकायचा तसा आत सरकला नि आतनं कडी घातली.

बाळासो दाराला तोंड लावून म्हणाला, "बाबालाल, काय लागलं तर हाक मार. मी हितंच हाय!"

आतनं आवाज आला, "त्येच तर नको हाय! सरक की मर्दा तिकडं!"