माझ्या जागी

एजन्सीचं गुळगुळीत कार्ड रेवाने तोंडात घातलं होतं. ते काढता काढताच मी एजाजभाईंना "जमेल" असं सांगून बसले.

बाळंतपणाच्या रजेवरून परतून मला फार दिवस झाले नव्हते. त्या दिवशी सांभाळणाऱ्या मावशी आल्या नाहीत, म्हणून लेकीला कडेवर घेऊनच मी बिबवेवाडीच्या कारखान्यात गेले होते. 'अत्तार मसाले' हा एजाजभाईंच्या आजोबांपासूनचा धंदा. मार्केट यार्डात दुकान, इथे दळण आणि पॅकिंग. बायकांची हजेरी, पगार, नवी भरती माझ्याकडे, आणि गिऱ्हाइकं, जाहिरात हेही माझ्याकडेच. आता हे सगळं मोबाइलवर न्यायचं ठरलं होतं.

"एजन्सी सगळं करून देते म्हणते," एजाजभाई म्हणाले. "हजेरीही तेच बघणार, गिऱ्हाइकांना मेसेजही तेच पाठवणार. मग तुझी जागा ठेवून मी काय करू, तूच सांग. पण आपल्याच माणसांना जमत असेल तर मला बाहेरचा नको. दसऱ्यानंतरच्या शनिवारी मी स्वतः बघायला येतो. नाही जमलं, तर हे कार्ड आहेच."

"आता नाहीये. हिने खाल्लं."

ते हसले नाहीत. रेवा मात्र हसली.

मग मी लागलेच कामाला. रेवा झोपली की लॅपटॉप उघडायचा, ती हलली की एका हाताने पाळण्याची दोरी, दुसऱ्या हाताने टायपिंग. अ‍ॅप मराठीत करून घेतलं. बायकांना जेवणाच्या सुट्टीत मोबाइल हातात देऊन शिकवलं. हजेरीचं हिरवं बटण सगळ्यांना पाठ झालं, आणि पहिल्याच पगाराला माझी धांदल उडाली.

पॅकिंगच्या कांताबाई कमरेवर हात ठेवून ऑफिसात उभ्या. "ताई, मी गैरहजर? माझा पगार कापला?"

"अहो, त्या दिवशी तुम्ही आला नव्हतात ना?"

"मी कशी येणार? नातवाला जुलाब. पण माझ्या जागी सुरय्या होती की! तिची सुट्टी होती, तरी आली बिचारी. मी तिची पाळी ईदच्या दुसऱ्या दिवशी भरली. तीही नाही लागली तुमच्या यंत्राला?"

आमच्या पॅकिंगच्या टेबलावर ही जुनी रीत. एकीच्या घरी अडचण आली की दुसरी तिच्या जागी उभी राहायची आणि पुढे पहिली ती पाळी फेडायची. कोणी कुणाच्या किती पाळ्या द्यायच्या आहेत हे बायकांना बिनचूक माहीत, आणि एजाजभाईंच्या वडिलांनीही त्यात कधी नाक खुपसलं नव्हतं. हजेरीच्या वहीत मुकादमच ते जुळवून लिहायच्या, माझ्यापर्यंत आलंच नव्हतं. वरच्या मजल्यावर बसून अ‍ॅप करून घेणाऱ्या मला कोणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला विचारलंच नाही.

कापलेले पगार मी त्याच दिवशी भरून दिले. अ‍ॅप बनवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, असं ऑप्शन नसतं. मिसयूज होतो."

"आमच्याकडे नाही होत."

"सगळे असंच म्हणतात, मॅडम."

"मग सगळ्यांना द्या. आधी आम्हाला द्या."

रोज फोन करून मी त्याचं डोकं खाल्लं. शेवटी कंटाळून त्याने दिलं. हिरव्या बटणाखाली एक निळं बटण आलं: 'माझ्या जागी'. दाबायचं, नाव निवडायचं, तिने 'हो' म्हणायचं. पाळी कुणाकडे फिरली हे अ‍ॅप लक्षात ठेवणार.

गिऱ्हाइकांच्या मेसेजनाही हीच रीत लावली. कंपनीचा व्हॉट्सअ‍ॅप पाळीपाळीने एकेकीकडे. सुरुवातीला कांताबाईंनी सुनेला पाठवायचा आवाजी निरोप साऱ्या गिऱ्हाइकांना पाठवला: "अगं, येताना दळण आण, विसरू नकोस." नारायण पेठेतल्या मंदाकिनीबाईंचं उत्तर लगेच आलं: "दळण आम्ही आमचं आणतो. आपण मसाल्याचं बघावं." कांताबाई दोन दिवस मोबाइलला शिवेनात. तिसऱ्या दिवशी मीच तो त्यांच्या हातात कोंबला. "बाईंना उत्तर द्या. त्यांचा गोडा मसाला संपत आला असेल." द्यायला घाबरल्या, पण दिलं. बाईंनी मसाला मागवलाही, वर शेजारणीचा नंबर दिला.

शनिवार उजाडला. माझी साडी इस्त्री करून ठेवलेली, नवरा, अभिनव, पहिल्या पाळीसाठी चाकणला गेलेला, आणि रेवाचं अंग तव्यासारखं तापलेलं.

डॉक्टरांना फोन केला. औषध पाजा, अंग पुसत राहा, दुपारी दाखवायला आणा, म्हणाले. मावशी "आलेच" म्हणाल्या. पण तापलेलं लेकरू दुसऱ्याच्या हाती देऊन जायचं कसं? माझ्या गळ्याभोवती तिच्या मुठी आवळलेल्या. मी सुरय्याआपांना फोन लावला. त्या पॅकिंगच्या मुकादम, आमच्यात सगळ्यात वडील.

"आपा, रेवाला ताप आहे. एजाजभाईंना सांगून तारीख पुढे घेऊ का?"

"कशाला?" आपा म्हणाल्या. "बटण कशासाठी करून घेतलंत? आमच्यासाठीच?"

ते बटण मी इतक्या जणींना शिकवलं होतं. स्वतः कधी दाबलं नव्हतं. दाबलं. सुरय्या. पलीकडून 'हो' आलं, आणि मागोमाग निरोप: "लेकराकडे बघा. इथलं आम्ही बघतो."

मी बघत राहिले. ओली घडी कपाळावर, पोटावर, पुन्हा कपाळावर. तिकडे बायका माझ्याशिवाय सगळं नीट करतील, याची मला खात्री होती. आणि खरं सांगायचं तर भीतीही त्याचीच होती.

औषध लागू पडलं. रेवाच्या मानेला घाम फुटला, मूठ सैल झाली. तेवढ्यात फोन वाजला. एजाजभाई.

"मुलगी कशी आहे?"

"उतरतोय ताप."

"बरं. मी सुरय्याला मुद्दाम बाजूला बसवलं. म्हटलं, तू स्पृहाच्या जागी, मग तुझ्या जागी कोण? तिने बटण दाबलं. कांताबाई आल्या. हजेरी दाखवली, पाळ्या दाखवल्या, नव्या मुलीचं नावही भरलं. मधेच एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला, त्यालाही उत्तर दिलं. तुझ्यावाचून काहीही अडलं नाही, स्पृहा."

मी हातातली ओली घडी पिळत राहिले.

"म्हणून म्हणतो," ते पुढे म्हणाले, "मार्केट यार्डच्या दुकानातल्या लोकांना हे कधीपासून शिकवतेस? ते लोक यांच्यापेक्षा हट्टी आहेत, सांगून ठेवतो."

"सोमवारपासून," मी म्हटलं. "आणि एजन्सी?"

"त्यांना नाही म्हणून कळवायचंय. पण नंबर कुठाय? कार्ड तुझ्या मुलीने खाल्लं."

रेवा झोपेतच ओठ चोखत होती. मी फोन ठेवला, तर पडद्यावर अ‍ॅपचा निरोप: 'सुरय्या यांची एक पाळी तुमच्याकडे.' त्याखाली आपांचा आवाज.

"ताई, फेडायची पॅकिंगमध्येच हं, ऑफिसात बसून नाही. बुधवारी संकेश्वरी मिरची आहे. तोंडाला बांधायला जाड ओढणी आणा."

मी 'हो' दाबलं.