गोठ्यातलं वाळवण

सोमवारी सकाळी जयवंता गोठ्यात गेली आणि तिनं कडब्याच्या गंजीमागं हात घातला. दोरीवर केळीच्या खोडाचा उरलेला धागा लोंबत होता, तो हाताला ओला लागला. उजेडात आणून बघितला तर त्यावर काळे ठिपके, आणि वास कोंदट गोधडीसारखा.

अगं माझे बाई! ह्याच धाग्याचे पॅड शनिवारी शाळेतल्या पोरींना वाटले होते.

तसा शेळगावच्या बायकांचा हा उद्योग गुणाचा होता. घड उतरवला की केळीचं खोड बांधावर कुजत पडायचं. बचत गटातली मनिषा बारामतीला जाऊन शिकून आली. खोडाचा धागा काढायचा, उकळून धुवायचा, वाळवून पिंजायचा आणि सुती कापडात भरून पॅड शिवायचे. ज्यांना दुकानातलं पाकीट परवडत नाही त्या पोरीबाळींसाठी. मनिषानं एकच गोष्ट सतरांदा बजावली होती, "ऊन चुकवायचं न्हाय. आत ओल राहिली तर आपण पोरींना रोग वाटू." आणि वाळवायचं काम होतं जयवंताकडं.

पहिल्या दिवशी तिनं धागा शहाण्यासारखा डेअरीसमोर, भर उन्हात तारेवर घातला होता. तेवढ्यात सावळाराम तात्या दूध घालायला आले. भावकीतले थोरले, तिला सासऱ्याच्या जागी. तात्यांनी सहज विचारलं, "सूनबाई, हे काय वाळत घातलंय?" मागं चार बाप्ये किटल्या घेऊन उभे. जयवंतानं पदर पुढं ओढला आणि तोंडाला येईल ते बोलली, "सुतळी हाय तात्या, म्हशीच्या दाव्याची."

तात्या गेले, पण हिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून सगळा धागा गोठ्यात. खुळी म्हणा हवं तर! पण न्हाती झाल्यापासून आईनं, आजीनं हेच शिकवलेलं, असलं कापड बाप्यांच्या नजरेला पडू द्यायचं नाही. हात आपोआप अंधाराकडं वळला. मनिषानं विचारलं की ही म्हणायची, "वाळलंय की खडखडीत!"

आणि ओलीनं काय होतं ते हिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? थोरली बहीण फुलाबाई असंच दडवलेलं दमट कापड वापरायची. आधी खाज, मग ताप, मग ओटीपोटात कळा. लाजेपायी बोलली नाही. दवाखान्यात नेली तोवर उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, आता मूल होणार नाही. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडली ती कायमची. जयवंताच्या डोळ्यांपुढं फुलाबाई उभी राहिली.

ती तशीच मनिषाकडं पळाली. सगळं सांगून टाकलं. मनिषा पांढरीफटक पडली. "मला खोटं का बोललीस गं?" एवढंच म्हणाली आणि चपला अडकवल्या.

शाळेत बाईंनी पोरींना एकेक करून बोलावलं. कुणी दप्तरातनं पाकीट काढून दिलं, कुणी घरी पळत जाऊन आणलं. एकीनंही उघडलं नव्हतं. दर पाकिटाला जयवंता देवाचं नाव घेत होती. शेवटी एकच राहिलं, उत्कर्षाचं.

"उत्कर्षा आज आली न्हाय," बाई म्हणाल्या. "पोटात दुखतंय म्हणं."

पोटात दुखतंय म्हणजे काय ते का सांगायला हवं? उत्कर्षा सावळाराम तात्यांची नात. पोरीनं पाकीट फोडलं असणार. मनिषाला पाकिटांपाशी ठेवून जयवंता एकटीच कॅनॉलच्या रस्त्यानं पळत सुटली. मध्ये उसानं भरलेला ट्रॅक्टर आडवा आला, त्याच्या टायरला घासून पुढं निघाली. ड्रायव्हरनं शिवी हासडली, तीही हिला ऐकू गेली नाही. माझ्या हातानं अजून एक फुलाबाई, माझ्या हातानं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

अंगणात तात्या खाटेवर बसले होते. उत्कर्षाची आई खुरपायला गेलेली. जयवंता मान खाली घालून त्यांच्या गोठ्याकडं वळली, असलं दुखणं दडवायची जागा तीच. पोरगी तिथंच पोट धरून बसली होती.

"उत्कर्षे, पाकीट कुठं हाय? वापरलंस का? खरं सांग!"

पोर घाबरली. "न्हाय काकी. वापरून टाकायचं कुठं? तात्या दिवसभर अंगणातच असत्यात." कडब्याखालून तिनं पाकीट काढलं. बंद होतं, जसंच्या तसं.

जयवंता मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. वाचली गं पोरगी! डोळे पुसता पुसता तिनं विचारलं, "मग घेतलंयस काय?"

उत्कर्षानं गंजीमागं बोट केलं. तिथं खुंटीवर, पोत्याच्या आड, जुन्या साडीचं धुतलेलं फडकं होतं. जयवंतानं हात लावला. ओलं. वास तोच, सकाळचा.

कसली वाचली? जयवंताची आई, आजी, फुलाबाई, सगळ्यांनी असंच दडवलं होतं, आणि ही पोरगीही त्याच वाटेनं चालली होती.

तिनं फडकं हौदावर पुन्हा धुतलं, पिळलं आणि अंगणाकडं निघाली. "काकी, नका! तात्या हायेत!" पोरीनं पदर धरला. फडकं दोनदा जयवंताच्या हातातनं सुटलं. तिसऱ्यांदा ते तारेवर बसलं, तात्यांच्या खाटेसमोर, रखरखीत उन्हात.

तात्यांनी डोळे बारीक केले. "सूनबाई, हे काय वाळत घातलंय?"

सुतळी म्हणावं, पायपुसणं म्हणावं, जयवंताची जीभ तिकडंच ओढत होती. दाराआड उत्कर्षा तोंड झाकून उभी.

"पाळीचं कापड हाय, तात्या," जयवंता म्हणाली. "पोरीचं. त्याला ऊन लागतंय, न्हायतर पोरी आजारी पडत्यात. डेअरीसमोरची बी सुतळी नव्हती. मी खोटं बोलले."

तात्या हळूच वाकले आणि खाटेखालची काठी उचलली. जयवंतानं डोळे मिटून घेतले.

काठी आपटल्याचा आवाज झाला. डोळे उघडले तर तारेखालची शेळी उड्या मारत पळत होती आणि तात्या ओरडत होते, "हुर्र! हाड! खातीया बघ कापड!"

मग त्यांनी खाट कापडाला पाठमोरी फिरवली आणि काठी मांडीवर घेऊन तिथंच बसून राहिले.